नापारीच्या टीम्स आणि वर्किंग ग्रुप्स : मालवणच्या लॅबमधून रिव्ह्यू (साडेचार स्टार)

सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू सगळेच लिहितात, मला त्याच्यामागे राबणाऱ्या माणसांबद्दल लिहायचंय, कारण गेले दोन सीझन आमचं काम त्यांच्या जिवावर चाललंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नापारी म्हणजे मायक्रोस्कोपचे वगैरे सायंटिफिक फोटो उघडून बघायचं, खुणा करायचं, मोजायचं सॉफ्टवेअर, पायथनवर चालतं, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आहे आणि एक रुपया लागत नाही. २०१८ च्या सुमारास सुरू झालं. नाव पॅसिफिक महासागरातल्या एका गावाचं आहे, हे कळल्यावर आम्हा समुद्राकाठच्या लोकांना ते लगेच आपलंसं वाटलं.

आमचं काम ढोम्याच्या डोक्यातल्या खड्यांचं. माशाच्या कानात चुन्याचे खडे असतात, ओटोलिथ म्हणतात, ढोम्याचे चांगले मोठे असतात म्हणून शिकायला सोपे. खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं पडतात, त्यावरून माशाच्या वयाचा अंदाज येतो. सकाळी लिलावाच्या वेळी बंदरावर जाऊन नुसती डोकी मागायची, तिथल्या मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "डोकी घेवन काय करतलंस गो?" आता न मागता बाजूला काढून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे त्याच्या आधी खडे जमवायचे, धुवून सुकवून कागदाच्या पाकिटात घालायचे आणि पावसात बसून फोटो काढून मोजायचे, असं आमचं वर्ष.

आधी कॅमेऱ्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर होतं, त्याला एक यूएसबी की लावावी लागायची, ती खराब झाली तर विकणारा म्हणाला नवीन लायसन घ्या. फोटो त्यांच्याच फॉरमॅटमध्ये अडकलेले, एक अख्खा सीझन गेला, अजून आठवलं की पोटात कालवतं. तिथून फुकटवाल्यांकडे वळलो. इमेजजे हे फोटो मोजायचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर आधीपासून माहीत होतं, वेन रास्बँड यांनी १९९७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत सुरू केलेलं, आणि हे गृहस्थ २०१० मध्ये रिटायर झाल्यावरही त्यावर काम करत राहिले. वलयांवर टिंबं टाकायला मात्र मला नापारी हाताला जास्त बरं वाटलं, फोटोवर पॉइंट्सचा थर टाकायचा, केंद्रापासून बाहेर एकेक वलयावर क्लिक करत जायचं आणि सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साधी आकड्यांची फाइल, सेव्ह करायची. उद्या दुसऱ्या कोणी तोच फोटो उघडला तर मी कुठलं वलय धरलं आणि कुठलं सोडलं ते त्याला जसंच्या तसं दिसतं, यापेक्षा मोठी गोष्ट आमच्या कामात नाही.

आता टीम्स. वरती दिशा ठरवणारी स्टीअरिंग कौन्सिल, मग मुख्य कोड सांभाळणारे कोअर डेव्हलपर्स, आणि कामाप्रमाणे वर्किंग ग्रुप, कोणी डॉक्युमेंटेशन बघतं, कोणी प्लगिनची (वरून जोडायच्या जास्तीच्या सोयींची) व्यवस्था, कोणी इन्स्टॉलर (सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवून देणारी फाइल). शिमग्याला पालखी निघते तेव्हा कुठल्या वाडीने काय करायचं ते ठरलेलं असतं ना, तसंच, फक्त इथे मान वाडवडिलांकडून येत नाही, जो काम करतो त्याला मिळतो. काहींना त्यांच्या संस्था पगार देतात, सुरुवातीला चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हचाही (फेसबुकवाल्या झकरबर्ग नवराबायकोची संस्था) पैसा होता, पण पुष्कळ जण आपला वेळ काढूनच करतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम इन्स्टॉलरवाल्यांचं आहे, आणि त्यांचं नाव सगळ्यात कमी निघतं. आमच्या मुलांना पायथन येत नाही, कमांड लाईन (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) बघितली की हात मागे घेतात, तिथे विंडोजवर डबल क्लिक केलं आणि सुरू झालं तरच ती पुढे जातात. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सावकाश चालतं पण चालतं. एकदा डाऊनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवला की पावसात नेट गेलं तरी अडत नाही.

डॉक्युमेंटेशनवाल्यांशी माझा थेट संबंध आला. स्केलबद्दलचं (फोटोतला एक पिक्सेल म्हणजे खरं किती अंतर) एक वाक्य नवख्याला कळणार नाही असं वाटलं, मी सोपं करून पाठवलं, मनात धाकधूक की एवढ्याशा गोष्टीसाठी कोण बघणार. बघितलं! एक शब्द बदलायला सुचवला, का ते नीट समजावलं, आभार मानले आणि बदल घेतला. एवढ्या एका वाक्यासाठी कोणीतरी लांब कुठेतरी बसून वेळ दिला, त्या दिवशी मी घरी सगळ्यांना सांगत सुटले होते.

स्केलचं निघालंच आहे तर सांगते, नापारीला तुमचा मायक्रोस्कोप माहीत नसतो, फोटोत स्केलची माहिती नसेल तर ते पिक्सेलमध्येच मोजणार. एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचपट्टी मिळते, तिचा त्याच लेन्सने फोटो काढा, एका भागाला, म्हणजे दहा मायक्रॉनला, किती पिक्सेल ते बघा आणि ते पाकिटावर लिहून ठेवा. आणि जेपेगमध्ये सेव्ह करू नका, टिफमध्येच करा, जेपेग बारीक रेषा खातं आणि आपलं सगळं काम बारीक रेषांचंच आहे.

अर्धा स्टार कापलाय तो प्लगिनसाठी. प्लगिन लिहिणारे वेगळे असतात, वर्किंग ग्रुप त्यांना नियम आणि साधनं देतो पण प्रत्येकाची हमी घेऊ शकत नाही, एखादा संशोधक पीएचडी संपवून निघून गेला की त्याचं प्लगिन अनाथ होतं. टाकायच्या आधी शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघाच, आणि सीझन मधोमध असताना व्हर्जन बदलू नका. दुसरं म्हणजे सगळं इंग्रजीत, आमच्या मुलांना विचारायचं असतं पण लिहायला लाजतात. मी त्यांना सांगते, मोडकंतोडकं लिहा, स्क्रीनशॉट लावा, व्हर्जन नंबर लिहा, काय केलं आणि काय झालं ते सांगा, तिथे व्याकरण कोणी तपासत नाही.

यंदा एका विद्यार्थिनीने मराठीत चार पानं लिहिली, फोटो उघडण्यापासून सीएसव्हीपर्यंत, हाताने काढलेल्या खड्याच्या चित्रासकट. त्याची झेरॉक्स मायक्रोस्कोपच्या बाजूला चिकटवलीय. कुडाळ, वेंगुर्ला, देवगड, कुठूनही कोणी असं काम करत असेल तर येऊन न्या.