पत्रकारितेचा संध्याकाळचा डिप्लोमा: दहा महिने, ५८ कॉप्या आणि सगळा हिशेब

आधीच सांगते, कॉलेजचं नाव लिहिणार नाही. पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि तिथल्या दोन सरांशी माझं अजून बोलणं आहे. पेठेतलं जुनं कॉलेज, मराठी माध्यम, एक वर्षाचा डिप्लोमा, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते साडेआठ, एवढं पुरे. जुलै २०२४ च्या सुरुवातीपासून एप्रिल २०२५ अखेरपर्यंत मी तो वापरला. 'वापरला' हाच शब्द बरोबर वाटतो. पैसे मोजून आणलेल्या मिक्सरकडे बघतात तसंच मी त्याच्याकडे बघत होते. चालतो का, आवाज किती करतो आणि वाटण बारीक होतं का.

मी मूळची बार्शीची, बी.कॉम., वय २९. नोकरी एरंडवण्यात एका फर्ममध्ये अकाउंट्सची, राहायला दादा-वहिनीकडे धायरीला. लिहायची हौस जुनी. बी.जे. करायचं मनात आहे असं मामांना फोनवर सांगितलं, तर त्यांना ससूनचं बी.जे. मेडिकल वाटलं. "आता या वयात? आणि नीट परीक्षा कधी दिलीस गं?" वृत्तपत्रविद्येची पदवीही बी.जे.च म्हणवते हे समजावेपर्यंत माझा अर्धा उत्साह संपला.

शोधाशोध दोन महिने चालली. पुण्यात पहिलं नाव अर्थातच रानडे इन्स्टिट्यूटचं. फर्ग्युसन रस्त्यावरचा विद्यापीठाचा हा विभाग १९६४ पासूनचा. २०२१ मध्ये तो गणेशखिंडच्या आवारातल्या माध्यम विभागात विलीन करायचा घाट घातला गेला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि तो निर्णय बारगळला. इतका जीव लोकांनी लावलेली जागा. सरकारी विद्यापीठ असल्यानं फी आवाक्यातली, पण पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि दिवसाचा. माझ्या पगारावर घरचा एक हप्ता चालतो, म्हणून तो रस्ता बंद. तुमचं वय बावीस-तेवीस असेल आणि दोन वर्षं घरचे सांभाळणार असतील, तर पुढचं वाचण्याआधी तिथल्या प्रवेश परीक्षेची तारीख बघा.

लवळ्याच्या सिम्बायोसिसच्या माध्यम संस्थेची फी लाखांत. तिथून निघालेले लोक चांगल्या जागांवर आहेत, पण माझ्या बजेटात त्या फीचा पहिला हप्तासुद्धा बसत नव्हता. अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो. ते मला फार भावलं होतं, पण पुणं सोडावं लागलं असतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दोन्ही पर्याय स्वस्त आणि पदवी खरी. शिवाय एप्रिल २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला मोकळीक दिली आहे, म्हणजे नेहमीच्या कॉलेजसोबत मुक्त विद्यापीठातलंही काही करता येतं. ऑफिसातली एक मैत्रीण इग्नूचं करत होती. तिची पुस्तकं मी चाळली. मजकूर उत्तम. पण लिहिलेलं रोज कुणीतरी वाचून चुका दाखवायला हव्यात, ही माझी गरज त्यात भागत नव्हती.

आणि मग कर्वे रस्त्यावरची एक खासगी संस्था. काचेचं दार, आत टीव्हीवरच्यासारखा अर्धगोल अँकर डेस्क, त्यावर सेल्फी काढायची सोय. समुपदेशक मॅडमनी तीन लाख ऐंशी हजारांचं पत्रक पुढे केलं आणि म्हणाल्या, आजच पाच हजार भरून सीट बुक केली तर वीस टक्के सूट. मी विचारलं, पदवी कुणाची? परराज्यातल्या एका विद्यापीठाचं नाव आलं. त्या विद्यापीठाला पुण्यात असा वर्ग चालवायची परवानगी आहे का, यावर "ते सगळं ऑफिस बघतं" असं उत्तर मिळालं. जिन्यात एक मुलगा भेटला, दुसऱ्या वर्षाचा. त्याला विचारलं, तुझ्या बातम्या कोण तपासतं? म्हणाला, पोर्टलवर अपलोड करतो, ग्रेड येते. लाल पेनची एक तरी खूण? तो हसला.

त्या जिन्यातच माझी मोजपट्टी ठरली. स्टुडिओ, एसी, 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे सगळं बाजूला ठेवायचं आणि एकच विचारायचं: वर्षभरात माझी कॉपी, म्हणजे मी लिहिलेली बातमी, कोण तपासणार आणि किती वेळा? पेठेतल्या कॉलेजात हा प्रश्न विचारला तर कारकुनांनी थेट वर्गात पाठवलं. "बसा आज, फुकट आहे." बातमीलेखनाचा तास चालू होता. एका दैनिकाच्या डेस्कवरून (बातम्या तपासतात त्या विभागातून) निवृत्त झालेले सर एका मुलाची कॉपी वाचत होते. "'पोलिसांद्वारे अटक करण्यात आली.' अरे, पोलिसांनी अटक केली म्हण की! वाचकाला का दमवतोस?" मी दुसऱ्या दिवशी फी भरली.

वर्ग सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. २५ जुलै २०२४. रात्री खडकवासल्यातून पाणी सोडलं, सकाळी सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात. आमच्या धायरीच्या वाटेवरच. मी ऑफिसला सुट्टी टाकून गेले, जवळच्या सोसायटीच्या जिन्यावर उभी राहून लोकांशी बोलले आणि संध्याकाळी कॉपी घेऊन वर्गात आले. स्वतःवर खूश होते. पहिलंच वाक्य होतं, 'धरणातून सोडलेल्या प्रचंड विसर्गामुळे हजारो नागरिकांचे अतोनात नुकसान झाले.'

सरांनी चष्मा काढला. "हजारो तू मोजलेस?"

"नाही सर."

"प्रचंड म्हणजे किती?"

"पस्तीस हजार क्यूसेकच्या आसपास."

"क्यूसेक म्हणजे?"

गप्प. वर्गात कुणालाच येत नव्हतं. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि मला म्हणाले, तू अकाउंटंट ना, कर गुणाकार. सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. "आता हे लिही. आणि त्या जिन्यावरच्या बाईंनी तुला काय सांगितलं, ते कुठंय?" त्या बाईंनी फ्रिज तरंगत स्वयंपाकघराच्या दाराला अडकला, म्हणून आतला डबा काढता आला नाही, असं सांगितलं होतं. डब्यात मुलाच्या शाळेची फी होती. मी ते 'किरकोळ' म्हणून सोडून दिलं होतं. ती कॉपी चार वेळा लिहिली. चौथ्यांदाही लाल होती, पण कमी.

असे प्रसंग मोजले तर वर्षभरात माझ्या ५८ कॉप्या तपासून परत आल्या. तारखेसकट फाइल लावली आहे, सवयच ती.

फिरवलंही भरपूर. नवी पेठेतल्या पत्रकार भवनात पत्रकार परिषदा, शिवाजीनगर कोर्ट, मंडई, मार्केट यार्ड. महापालिकेत मात्र पंचाईत. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून तिथे नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. मुख्य सभेतली खडाजंगी ऐकायला मिळाली नाही, याची हळहळ सरांनाच जास्त. त्याऐवजी त्यांनी प्रत्येकाला माहिती अधिकाराचा एक अर्ज करायला लावला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. माझा पहिला मसुदा ३१२ शब्दांचा होता. तो कापताना जे शिकले, ते संक्षेपलेखनाच्या पेपरात शिकले नाही. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आमच्या भागातल्या बंद पथदिव्यांबद्दल विचारलं होतं. तीस दिवसांची मुदत उलटून नऊ दिवसांनी उत्तर आलं, अर्धवट. मग अपील. अख्ख्या वर्षात सगळ्यात स्वस्त पडलेला धडा हाच.

आता कुरकुर.

कॅमेरा एक, विद्यार्थी बत्तीस. ट्रायपॉडचा एक पाय नाडीनं बांधलेला. व्हिडिओ पत्रकारितेचा पेपर शंभर मार्कांचा आणि माझ्या वाट्याला कॅमेरा आला एकूण चाळीस मिनिटं. शेवटी आम्ही सहा जणींनी वर्गणी काढून मोबाइलचा माइक आणि स्टँड घेतला. संगणक कक्षातल्या निम्म्या मशिनवर मराठी टंकलेखनाचा जुना फाँट, घरी युनिकोड, त्यामुळे मेलवर पाठवलेल्या बातमीची खिचडी व्हायची. डिजिटल माध्यमांचा अभ्यासक्रम वाचून हसू येतं. ब्लॉग कसा उघडावा यावर एक संपूर्ण प्रकरण, डेटावर बातमी कशी करावी यावर एक ओळ. हे मी जवळपास सगळं केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरून फुकट शिकले.

पाहुणे व्याख्याते हा तर जुगार. पत्रकारच ते, शहरात काही घडलं की तास रद्द. साडेपाचला ऑफिसातून पळत सुटायचं, लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढत पोचायचं आणि दारावर खडूनं लिहिलेलं, 'आज तास होणार नाही'. असं एकोणीस वेळा झालं. एक निरोप तरी टाका ग्रुपवर! निकाल लावायला अडीच महिने घेतले. आणि बोनाफाइड मिळवायला तीन चकरा, तोही पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, पाससाठी हवा म्हणून.

तो पास मात्र खरंच घ्या. जून २०२५ मध्ये साधा मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला, विद्यार्थ्यांचा ७५० वरच ठेवला. संध्याकाळचा डिप्लोमा असला तरी विद्यार्थी तो विद्यार्थीच. माझ्यासारखी तिशीला टेकलेली बाई खिडकीवर ओळखपत्र पुढे करते, तेव्हा पलीकडचे काका दोनदा बघतात. बघू देत.

हिशेब असा. फी २१,५००. परीक्षा फॉर्म आणि गुणपत्रिका १,८५०. दहा महिन्यांचे पास ७,५००. माइक-स्टँडमधला माझा वाटा आणि एक मेमरी कार्ड मिळून १,६००. पुस्तकं, झेरॉक्स, प्रिंट २,१५०, बरीचशी पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतली म्हणून एवढ्यावर भागलं. एकूण ३४,६००. चहा-वडापाव धरलेला नाही, तो मी कुठेही खाल्लाच असता. ५८ कॉप्यांनी भागलं तर एका कॉपीला ५९७ रुपये. तीस वर्षं डेस्कवर बसलेला माणूस तुमचं पान समोर घेऊन ओळ न् ओळ तपासतो आणि तुमच्याशी भांडतो, त्याचे सहाशे रुपये. मला महाग वाटत नाही. हे सर सोडून गेले तर मात्र हाच अभ्यासक्रम मी फुकटही घेणार नाही. म्हणून प्रवेशाआधी माहितीपत्रकातली नावं वाचून थांबू नका, यंदा प्रत्यक्ष कोण शिकवणार ते विचारा, आणि मागच्या वर्षीचा विद्यार्थ्यांनी काढलेला अंक मागून बघा. अंक 'आत्ता सापडत नाही' म्हणाले तर काढता पाय घ्या.

नोकरीचं काय, हे वहिनीही विचारते. डिप्लोमाच्या जोरावर मला दोन ठिकाणांहून विचारणा झाली. दोन्हीकडे पगार माझ्या अकाउंट्सच्या पगारापेक्षा कमी आणि रात्रपाळी. नाही म्हटलं. सध्या एका पुरवणीसाठी महिन्याला दोन लेख लिहिते, मानधन मिळतं, उशिरा मिळतं. वर्गातले चार जण पोर्टल आणि दैनिकांत लागले, एक मुलगी जनसंपर्काच्या कामात गेली आणि ती आमच्यात सगळ्यात जास्त कमावते. सरांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिच्या प्रेसनोटमध्ये चुका नसतील तरी."

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा कॅमेऱ्याचा कापला, एक कार्यालयाच्या खिडकीचा. ग्रंथालयाची हजार रुपये अनामत अजून परत मिळालेली नाही. वरच्या हिशेबात ती धरली नाही, कारण ती माझीच आहे. तीन वेळा जाऊन आले, तिन्ही वेळा "साहेब आले नाहीत" ऐकलं. पुढच्या सोमवारी अर्धी रजा टाकून चौथ्यांदा जाणार आहे. मिळाली तर इथे खाली भर घालीन.