तयार ऑप्शन फॉर्म विकणारी काउन्सेलिंग पॅकेजेस: पैसे नेमके कशाचे?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की पालकांच्या फोनवर मेसेज सुरू होतात. पर्सेंटाइल (परीक्षेत किती टक्के मुलांच्या पुढे आहात तो आकडा) कळवा, कॅटेगरी कळवा, इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी तयार मिळेल. या पॅकेजमध्ये साधारण चार गोष्टी असतात: साठ ते शंभर पर्यायांची यादी, एक-दोनदा फोनवर बोलणं, व्हॉट्सॲप ग्रुप आणि हवं असेल तर कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरून देणं. पैसे काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. ‘सीट पक्की’ म्हणणारे त्याहून बरेच जास्त मागतात.

मत आधीच सांगून टाकू. यादीसाठी पैसे देण्यात अर्थ नाही. कागदपत्रं नीट तपासून देणारा आणि प्रत्येक फेरीआधी नियम समजावून सांगणारा माणूस मिळत असेल, तर त्याची फी वसूल होते. या पॅकेजमधला सगळ्यात कच्चा भाग म्हणजे यादीतला ‘प्लेसमेंट’ नावाचा रकाना, आणि पालकांचा सगळ्यात जास्त भरवसा नेमका त्याच्यावरच असतो.

यादी कुठून येते ते आधी पाहू. सीईटी सेल (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) दरवर्षी प्रत्येक फेरीनंतर कटऑफची पीडीएफ फुकट प्रसिद्ध करतो. कॉलेज, ब्रँच, त्याखाली जागेचे कोड, प्रत्येक कोडखाली शेवटच्या प्रवेशाचा मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल. पॅकेजवाले हीच पीडीएफ एक्सेलमध्ये घेतात, तुमच्या पर्सेंटाइलच्या थोडं वर आणि थोडं खाली अशी चाळणी लावतात आणि पाठवून देतात. चाळणी कोणत्या कोडवर लावली यावर सगळं अवलंबून असतं. GOPENH मधला पहिला G म्हणजे सर्वांसाठीची जागा, L असेल तर मुलींची. शेवटचं अक्षर H असेल तर होम युनिव्हर्सिटी (त्याच विद्यापीठाच्या हद्दीतले विद्यार्थी), O असेल तर बाहेरच्या विद्यापीठाचे विद्यार्थी, S असेल तर राज्यस्तर. मुलीला G आणि L दोन्ही जागांसाठी धरलं जातं, तरी तिच्या हातात नुसत्या G वर काढलेली यादी पडते आणि सहज मिळू शकणारी कॉलेजं यादीतून गळतात.

होम युनिव्हर्सिटीत होणारी चूक याहून महागात पडते. ती घरच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कुठून उत्तीर्ण झालात यावरून ठरते. घर सोलापूरला आणि अकरावी-बारावी लातूरला केलेली असेल, तर होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पॅकेजच्या फॉर्ममध्ये ‘शहर’ विचारतात, मूल सोलापूर लिहितं, आणि पुढची सगळी यादी चुकीच्या रकान्यातून निघते. क्लाससाठी दोन वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात राहिलेल्या मुलांच्या पालकांनी एवढं एक तरी स्वतः तपासावंच.

तयार यादीत टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची जागा) बहुतेक वेळा राहून जातं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर या जागेवर ट्यूशन फी माफ होते, डेव्हलपमेंट फी मात्र भरावी लागते. या जागा मंजूर प्रवेशसंख्येच्या ५ टक्के आणि त्या संख्येबाहेरच्या, जादा असतात, त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी T येतो. तो कोड फॉर्ममध्ये वेगळा टाकला नाही, तर पर्सेंटाइल कितीही असो, विचार होणार नाही. कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा चढा असतो, म्हणून ‘मिळणार नाही’ असं धरून तो गाळला जातो. खरं तर मूळ कोडच्या वर टाकायला काहीच हरकत नसते.

आता पर्सेंटाइलबद्दल. मागच्या वर्षीचे ९५ आणि यंदाचे ९५ एकच नव्हेत. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात २०२४ साली परीक्षा दिलेले विद्यार्थी तीन लाखांच्या जरा आत होते, २०२५ साली ते सव्वाचार लाखांच्या आसपास गेले. म्हणजे ९५ पर्सेंटाइलच्या वर एका वर्षी साधारण पंधरा हजार मुलं, पुढच्या वर्षी एकवीस हजार. मधल्या काळात जागाही वाढतात, कारण एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांच्या प्रवेशसंख्येवरची वरची मर्यादा काढली आहे. म्हणून तुलना मेरिट नंबरची करावी आणि यंदाच्या सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) त्या ब्रँचला किती जागा आहेत हे शेजारी ठेवावं. नुसत्या पर्सेंटाइलवर काढलेली यादी निम्मी अंदाजपंचे असते.

क्रम लावणं हे खरं कौशल्याचं काम. २०२५-२६ साली चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की सीट ऑटो-फ्रीझ (आपोआप पक्की, पुढे बदल नाही), दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं की फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते शेवटचं. फ्रीझ झालेली सीट स्वीकारली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. यापुढे त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून हे आकडे पुन्हा बघावेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा की वरच्या तीन जागी फक्त तीच कॉलेजं असावीत, जी मिळाली तर पुढे काही बघायचं नाही. तयार यादीत भीतीपोटी ‘सेफ’ कॉलेज दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर आणून ठेवलेलं असतं. दुसऱ्या फेरीत ते मिळतं, फ्रीझ होतं, आणि तिसऱ्या फेरीत मनातल्या कॉलेजचा कटऑफ उतरला तरी दार बंद झालेलं असतं. सेफ कॉलेजची जागा खाली. तिथून ते मिळालं तर सीट हातात ठेवून बेटरमेंटसाठी, म्हणजे वरचा पर्याय मिळतो का ते बघायला, पुढच्या फेरीत जाता येतं. आणखी एक गैरसमज सर्रास विकला जातो: ‘अमुक कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं नाही तर ते घेत नाहीत.’ सीटवाटप गुणवत्ता क्रमाने होतं, तुम्ही कितव्या नंबरवर टाकलं हे कॉलेजला दिसतही नाही. क्रम आवडीचाच लावावा. बेटरमेंट घेताना एवढं लक्षात असू द्या की वरचा पर्याय लागला की आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही.

प्लेसमेंटचा रकाना सविस्तर बघण्यासारखा आहे. त्यात सहसा दोनच आकडे असतात, ‘हायेस्ट पॅकेज’ आणि ‘प्लेसमेंट ९५ टक्के’. दोन्ही कॉलेजच्या ब्रोशरमधून उचललेले. त्यातली टक्केवारी कशावर काढली ते बघा. ब्रोशरमध्ये भागाकार ‘पात्र आणि इच्छुक’ विद्यार्थ्यांवर असतो. ज्यांना दहावी-बारावीला साठ टक्क्यांच्या खाली गुण आहेत, ज्यांची केटी राहिली आहे, जे वायडी झाले (ज्यांचं वर्ष वाया गेलं), ज्यांनी नोंदणीच केली नाही, ते सगळे आधीच वजा झालेले असतात. शिवाय ‘ऑफर्स’ मोजल्या की ‘विद्यार्थी’, हेही धूसर ठेवलेलं असतं. एका मुलीला तीन कंपन्यांची पत्रं आली की ब्रोशरमध्ये तीन.

याला उतारा फुकट मिळतो. जे कॉलेज एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या क्रमवारीत) भाग घेतं, त्याला आपली माहिती एका ठरावीक तक्त्यात द्यावी लागते आणि तो तक्ता पीडीएफ रूपात त्याच्या वेबसाइटवरही असतो. त्यात ‘यूजी, चार वर्षं’ हा भाग काढा. रकाने ओळीने येतात: पहिल्या वर्षी मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाने आलेले, मग ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण केलेले, त्यापैकी नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी), आणि उच्च शिक्षणाला गेलेले.

आकडे समजा असे आहेत: प्रवेश ६००, डिप्लोमाचे ६०, मुदतीत पदवी ४८०, नोकरी ३००, मध्यक ४,५०,०००, उच्च शिक्षण ६०. नोकरीची टक्केवारी मुदतीत पास झालेल्यांवर साडेबासष्ट येते. पण तुमचं मूल आत शिरतं ते ६६० जणांमधलं एक म्हणून, आणि त्यावर काढली तर ती ४५ च्या आसपास उतरते. याच कॉलेजने ३२० जणांना ‘पात्र’ धरलं तर ब्रोशरवर ९४ टक्के छापून येतं आणि त्यात खोटं काहीच नसतं. सगळ्यात बोलका आकडा ६६० आणि ४८० यांच्यातला फरक. १८० मुलं चार वर्षांत बाहेर पडली नाहीत, याचा प्लेसमेंट सेलशी संबंध नाही, शिकवण्याशी आणि परीक्षेशी आहे. दोन कॉलेजांची तुलना करताना हा फरक आधी बघावा. मध्यक पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो हेही ध्यानात ठेवायचं. ज्यांना लागली नाही ते त्या आकड्यात नाहीतच.

या तक्त्याची एक मोठी उणीव आहे: तो पूर्ण कॉलेजचा असतो, ब्रँचप्रमाणे फोड देत नाही. कॉम्प्युटरच्या जोरावर वर आलेला मध्यक सिव्हिलला लागू होत नाही. ब्रँचसाठी नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कागदांत जावं लागतं. कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) पानावर निकष ५.२.१ शोधा. तिथे अनेकदा नोकरी लागलेल्यांची वर्षवार यादी असते, अभ्यासक्रम, कंपनी आणि पगारासकट. ब्रँच गाळून ओळी मोजायला अर्धा तास पुरतो. एकाच कंपनीचं नाव दीडशे वेळा येतं का ते बघा. मोठ्या आयटी कंपन्यांची सरसकट भरती साडेतीन लाखांच्या जवळपासच्या पगारावर होत आली आहे, आणि ती कोणत्याही कॉलेजच्या मुलाला देशपातळीवरच्या चाचणीतून मिळू शकते. त्याचं श्रेय कॉलेजला किती द्यायचं हे मग तुमचं तुम्हाला ठरवता येतं. यादीत आपल्या ब्रँचला शोभणाऱ्या कंपन्या किती, हे अधिक कामाचं. मेकॅनिकलच्या मुलाला कोडिंगची नोकरी लागली तर ती आकड्यात मोजली जाते, पण त्यासाठी मेकॅनिकल घ्यायची गरज नव्हती.

‘हायेस्ट पॅकेज’ या आकड्याकडे बघूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तो एका विद्यार्थ्याचा असतो, बरेचदा त्याने कॅम्पसच्या बाहेरून मिळवलेला. सीटीसीमध्ये (कंपनीचा कर्मचाऱ्यावरचा एकूण वार्षिक खर्च) जॉइनिंग बोनस, काही वर्षं टिकल्यावर मिळणारी रक्कम, शेअर, ग्रॅच्युइटी सगळं धरलेलं असतं. दरमहा हातात येणारा पगार त्यावरून कळत नाही.

पॅकेजमधला कामाचा भाग कागदपत्रांचा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात हवं, जेईईसाठी काढलेलं केंद्राचं इथे चालत नाही. जात पडताळणीची पावती जोडून अर्ज करता येतो, पण दिलेल्या तारखेपर्यंत व्हॅलिडिटी अपलोड झाली नाही तर विद्यार्थी ओपनमध्ये जातो आणि मिळालेली सीट धोक्यात येते. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव यांत फरक असेल तर तो जूनमध्ये कळून उपयोग नसतो. हे सगळं जानेवारीतच तपासून देणारा काउन्सेलर पैशांना जागतो. निकालानंतर तीन दिवसांत पॅकेज विकणाऱ्याला ते जमणं कठीण. छाननी केंद्रांवर हीच तपासणी होते, पण तिथे चूक सापडेपर्यंत प्रमाणपत्र नव्याने काढायची वेळ उलटलेली असते.

फॉर्म भरून देण्याच्या सेवेला मात्र ठाम नकार द्यावा. त्यासाठी लॉगिन आणि पासवर्ड मागतात. क्रम बदलला, फॉर्म कन्फर्म झाला, की तक्रार कुणाकडे करणार? लॉगिन विद्यार्थ्याचं, ओटीपी विद्यार्थ्याच्या फोनवर, जबाबदारीही त्याचीच. यादी कुणाचीही असो, टाइप मुलाने स्वतः करावी.

आणि ‘सीट पक्की’ म्हणणाऱ्यांचं काय? विनाअनुदानित कॉलेजात २० टक्के जागा संस्थास्तरावर (मॅनेजमेंट कोट्यातून) भरल्या जातात, पक्की सीट म्हणजे बहुधा हीच, नाहीतर कॅपच्या बाहेर असलेलं खासगी किंवा अभिमत विद्यापीठ. प्रवेश मिळवून दिल्याबद्दल तिकडून कमिशन घेणारेही या धंद्यात आहेत, म्हणून यादीत अशी नावं अचानक वर दिसली तर कारण विचारावं. कॅपमधल्या कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार बघता येते. त्यापलीकडे मागितलेलं डोनेशन १९८७ च्या कायद्याने बेकायदा आहे. मुलींच्या बाबतीत याचा हिशोब फार मोठा होतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या ‘चांगल्या’ ब्रँचसाठी चार वर्षांची ही सवलत सोडावी लागते, आणि पॅकेज विकताना हे कुणी सांगत नाही.

तरीही पैसे द्यायचेच असतील तर आधी फोनवर तीन प्रश्न विचारावेत. माझी होम युनिव्हर्सिटी कोणती आणि का? यादीतल्या तिसऱ्या पर्यायाला तिसरं स्थान का दिलं? या कॉलेजात ठरलेल्या मुदतीत किती जण पास झाले? पहिल्याला ‘तुमचं गाव कोणतं’ असा प्रतिप्रश्न आला आणि तिसऱ्याला ब्रोशरची लिंक आली, तर पीडीएफ उघडून रविवारी स्वतः बसलेलं बरं. एक दिवस, एक एक्सेल आणि दहा कॉलेजांचे एनआयआरएफ तक्ते एवढ्यात काम होतं.