चष्म्याचा नंबर घालवायला लेझर शस्त्रक्रिया: लॅसिक की पीआरके?
लॅसिकमध्ये बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची पातळ झडप उचलून खाली लेझर मारतात. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना बरंच स्पष्ट दिसतं. पीआरकेत झडप नाही, नुसती वरची नाजूक साल काढून लेझर मारतात. ती भरून येईपर्यंत ३-५ दिवस डोळ्यांची आग, उजेड नकोसा. नजर स्थिरावायला काही आठवडे. मग पीआरके कोण घेतं? पडदा पातळ असणारे, आणि कुस्ती खेळणारे, कारण झडप धक्क्याने सरकू शकते. सॉफ्ट लेन्स मात्र दोन्हींआधी आठवडा-दोन आठवडे बंद.

आपल्या सोलापुरात पीआरके एप्रिल-मेमध्ये नकोच. चाळिशीपार ऊन, धूळ, यंत्रमागाजवळ उडणारे सुताचे तंतू! शिवाय कडक उन्हाने पीआरकेनंतर पडदा धुरकटण्याचा धोका वाढतो. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की उरकावं, काळा गॉगल लावून.