पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं खाद्य: १२ टक्के प्रथिनं की २०?

अंडी न घालणाऱ्या, पिल्लं न भरवणाऱ्या प्रौढ बजी किंवा कॉकटीलला (हे दोन्ही पाळीव छोटे पोपट) १२ ते १४ टक्के प्रथिनांचं पेलेट, म्हणजे दाबून केलेलं गोळीखाद्य, पुरतं. २० टक्के हवेत ते वाढत्या पिल्लांना. कॉकटीलच्या पिल्लांवरच्या प्रयोगात २० टक्क्यांवर वाढ सर्वांत चांगली झाली. ५ टक्क्यांवर पिल्लं खुंटली, दगावली.

जास्त प्रथिनांनी मूत्रपिंड निकामी होऊन गाऊट (सांध्यांत किंवा अवयवांत युरिक आम्ल साचणं) होतो, हे सर्रास ऐकू येतं. निरोगी कॉकटीलबाबत ते तितकं खरं नाही. ११ ते ७० टक्के प्रथिनांवर त्यांना ११ महिने ठेवलं, तरी गाऊट दिसला नाही. प्रथिनांतला जादा नायट्रोजन ते युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल (अ जीवनसत्त्वाची कमतरता, ड३ किंवा कॅल्शियमचा अतिरेक, पाणी कमी पडणं), तर मात्र हाच बोजा भारी पडतो. पायाच्या बोटांच्या सांध्यांवर पांढरट गाठी, सारखा पाय बदलत बसणं, ही लक्षणं दिसली की थेट पक्षीवैद्य गाठा.

२० टक्क्यांचा रोजचा तोटा वेगळाच आहे. भरपूर प्रथिनं आणि मुबलक खाद्य म्हणजे मादीला विणीच्या हंगामाचा इशारा. नर नसतानाही ती अंड्यामागून अंडी घालते, कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं. अशा मादीला १२ टक्केच बरे.

फक्त बियांवर ठेवलेल्या पक्ष्याचं गणित फसवं असतं. सूर्यफुलाच्या गरात प्रथिनं साधारण २० टक्के, पण चरबी निम्म्याच्या आसपास आणि लायसिन (प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक) कमी. आकडा चांगला, पिसं मात्र निस्तेज, आडव्या रेघांची, पिसं झडण्याचा काळ लांबलेला. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. त्याला गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात. पिसं झडण्याच्या काळात पेलेट बदलू नका, आठवड्यातून दोनदा अर्धा चमचा उकडलेलं अंडं द्या आणि दोन तासांत उरलेलं काढून टाका.

आकडे ताडताना ओलावा वजा करा. अंड्यात प्रथिनं १२-१३ टक्केच दिसतात, पण तीन चतुर्थांश पाणी असतं. कोरड्या वजनावर तीच ५० टक्क्यांच्या घरात जातात.

जोडी विणीला बसवणार असाल, तर घरट्याची पेटी लावताना १८-२० टक्क्यांचं पेलेट सुरू करा आणि पिल्लं स्वतः खाऊ लागली की परत १२-१४ वर या. बदल दोन-तीन आठवड्यांत, थोडं थोडं मिसळत करा. रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या. १० टक्के घटलं, तर लगेच जुनं खाद्य द्या.

लोरी या पोपटाला हे टक्के लागू नाहीत. मकरंदावर जगणाऱ्या या पक्ष्याचं भागायला प्रथिनं फारच थोडी लागतात.