आलेपाक वडी: घशाला चांगली, मळमळीला तोकडी

किराणा दुकानात, एसटी स्टँडवर आणि हल्ली आयुर्वेदिक औषधांच्या फळीवरही दिसणारी आलेपाकाची वडी खोकला, मळमळ, अपचन अशा सगळ्यांवर उतारा म्हणून खपते. घशाच्या खवखवीला ती खरंच बरी. चघळताना लाळ सुटते, घसा ओला राहतो आणि कोरडी ढास तेवढ्यापुरती थांबते. कडाकडा चावून गिळली तर मात्र हा गुण निम्मा वाया जातो.

मळमळीचा हिशोब वेगळा. त्यावरच्या बऱ्याच चाचण्यांत दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ दिलेली असते. ओल्या आल्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच, म्हणजे १ ग्रॅम सुंठीला ५ ग्रॅम आलं लागतं. पाकिटावर ‘आलं २० टक्के’ लिहिलं असेल तर १० ग्रॅमच्या वडीत ते २ ग्रॅम भरतं. तेवढी मात्रा गाठायला अडीच वड्या खाव्या लागतील आणि सोबत जवळपास २० ग्रॅम साखर जाईल. मधुमेह असेल तर विषयच संपला. गाडी लागणाऱ्यांनी निघण्याआधी अर्धा तास अर्धा चहाचा चमचा सुंठपूड कोमट पाण्यातून घ्यावी, स्वस्तही पडते.

तरी वडीच घ्यायची तर पाकीट उलटून पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिली साखर येणारच, दुसरं आलं हवं. दुसरं लिक्विड ग्लुकोज आणि आल्याचा नुसता ‘फ्लेवर’ शेपटाला असेल, तर ती औषधाच्या भावात विकलेली लिमलेटची गोळी! किसलेल्या आल्याची वडी फिकट बदामी असते, मोडली की बारीक धागे दिसतात. दूध किंवा मिल्क पावडर घातलेली पांढरट, खायला मऊ, पण टिकायला कमी. बोटांना चिकटणारी वडी म्हणजे पाक कच्चा राहिलेला. पावसाळ्यात तिला पाणी सुटतं आणि मग बुरशी धरते. भुगा होणारीचा पाक पुढे गेलेला असतो, ती खायला हरकत नाही.

छातीत जळजळत असताना आलेपाक खाऊ नये, जळजळ वाढू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा गरोदरपण असेल, तर वडी असो की सुंठ, रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.