नेपाळ की केनिया? स्वयंसेवक म्हणून जाण्याआधी रोजच्या जगण्याचा हिशेब

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं की काम काय, किती महिने, भत्ता किती हे सगळं पत्रात लिहून येतं. सकाळी पोटात काय जाणार, आंघोळीचं पाणी कुठून येणार, दिवेलागणीनंतर बोलायला कोण असणार, हे कुणी लिहून देत नाही. माणूस टिकतो किंवा मुदतीआधी परततो तो बहुतेकदा याच गोष्टींवर. म्हणून इथे कामाची नाही, राहण्याची तुलना करतो आहे. एका बाजूला नेपाळचा डोंगराळ भाग, दुसऱ्या बाजूला केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठचं किसुमू आणि आसपासची गावं. व्हीएसओ आणि यूएन व्हॉलंटियर्स या परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या दोन्ही संस्थांचं काम दोन्ही देशांत आहे, त्यामुळे ही निवड आपल्याकडच्या शिक्षकांपुढे, नर्सपुढे, शेतीचं शिकलेल्यांपुढे खरोखर येऊ शकते.

माझं मत आधीच सांगतो. नेपाळ सुरुवातीला सोपा आणि पुढे अवघड. किसुमू सुरुवातीला अवघड आणि पुढे सोपं. त्यामुळे किती दिवसांसाठी जाताय यावर निम्मा निर्णय होतो.

पहिले आठवडे

नेपाळला व्हिसा नाही. विमानाने गेलात तरी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून बांधलेला आहे. पाट्या देवनागरीत, त्यामुळे मराठी माणूस पहिल्या दिवसापासून बसची पाटी वाचतो. हिंदी बहुतेकांना कळते. सण, देव, तुळस, कपाळावरचा टिळा, सगळं ओळखीचं. दोनच गोष्टी अडखळवतात: आठवड्याची मुख्य सुट्टी शनिवारची, आणि सरकारी कागदावरची तारीख विक्रम संवताची, म्हणजे साल आपल्यापेक्षा साधारण 57 वर्षं पुढे.

किसुमूत उलट. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर काम करता येत नाही. परवाना संस्थेने काढून द्यायला हवा आणि तो हातात येईपर्यंत जीव टांगणीला असतो. घड्याळ अडीच तास मागे. शिवाय स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. विषुववृत्त जवळच असल्यामुळे बारा महिने उजेड जवळजवळ ठरल्या वेळी येतो आणि जातो, म्हणून त्यांना हे सोयीचं पडतं. भेटीची वेळ इंग्रजीत पुन्हा एकदा विचारून घ्यावी. मलेरिया तिथे रोजच्या जगण्याचा भाग आहे. मच्छरदाणी, डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी, यात सूट नाही. सरोवर कितीही छान दिसलं तरी त्यात उतरू नये. पाण्यातल्या परजीवींमुळे बिलहार्झिया हा आजार होतो. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. केनियातून परतताना तिचा दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

ताटात काय

नेपाळच्या डोंगरात सकाळी चहा, नऊ-दहाच्या सुमाराला दाल-भात-तरकारी, दुपारी थोडा खाजा, म्हणजे हलकं खाणं, रात्री पुन्हा दाल-भात. चवीला काहीच परकं नाही. पण तेच ताट रोज दोनदा, महिनोन्‌महिने. भाकरीची सवय असलेल्यांना कोदोचा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, ढिंडो, जवळचा वाटतो. हवा असल्यास यजमानांना सांगावं. गरिबांचं खाणं म्हणून पाहुण्याला तो वाढायला काही घरं संकोचतात.

किसुमूत मुख्य अन्न उगाली, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. ओमेना नावाची बारीक मासळी आपल्या किनारपट्टीच्या माणसाला नक्की आवडेल. शाकाहाऱ्याचंही भागतं: चपाती, ‘डेंगू’ नावाचं मुगाचं कालवण, मका आणि घेवड्याचं गिथेरी. अडचण पाहुणचाराची आहे. तुमच्यासाठी कोंबडी कापली असेल तर नको म्हणणं जड जातं, म्हणून पहिल्या भेटीतच सांगून ठेवावं. शहरात जुनी गुजराती आणि शीख वस्ती असल्यामुळे डाळी, मसाले, कणीक मिळते. स्वतः रांधून खाणाऱ्याला, माझ्या मते, किसुमू नेपाळच्या आतल्या गावापेक्षा सोयीचं.

घर

देशाइतकाच हाही प्रश्न मोठा आहे. नेपाळी गावात बहुधा कुटुंबात राहावं लागतं. दाजू, दिदी, भाइ, बहिनी म्हणत तुम्ही लगेच घरचे होता, आणि घरच्यांना लागू असलेले नियमही तुम्हाला लागू होतात. उष्ट्याचे नियम, चुलीपाशी कोणी जायचं याचे नियम, कुणाच्या हातचं कोण पाणी पितं याचे नियम. आपल्या आजीच्या घरात जे होतं ते तिथे अनेक ठिकाणी अजून आहे.

स्त्रियांनी एक गोष्ट संस्थेला स्पष्ट विचारावी: पाळीच्या दिवसांत त्या घरात काय अपेक्षित आहे? सुदूरपश्चिम आणि कर्णाली प्रांतांत छाउपडी प्रथेने बायकांना गोठ्यात किंवा वेगळ्या झोपडीत झोपवलं जाई, काही ठिकाणी अजूनही झोपवतात. 2017 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला, तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड. पाहुणीला कोणी झोपडीत पाठवणार नाही, पण स्वयंपाकघराबाहेर थांब असं म्हटलं जाऊ शकतं. ते रोज सोसायचं, की वेगळी खोली मागायची, हे जाण्याआधी ठरवावं. वेगळी खोली मागण्यात गैर काही नाही.

थंडीचंही लक्षात घ्या. डोंगरातली घरं गरम करण्याची सोय नसते. जानेवारीत घराच्या आतही स्वेटर उतरत नाही. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते दिवसचे दिवस बंद.

किसुमूकडे स्वतंत्र खोली मिळणं तुलनेने सोपं. मोकळीक मिळते, एकटेपणही. अंधार पडल्यावर एकट्याने चालत फिरू नये, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर तुम्ही आणि चार भिंती. तोवर पुण्यात साडेनऊ झालेले असतात. घरी फोन करायचा तर त्याआधीच करावा लागतो.

भारतीय म्हणून

इथे नेपाळची अवघड बाजू सुरू होते. 2015 च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून सीमेवरची नाकेबंदी काही महिने चालली. स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, औषधं यांची टंचाई लोक विसरलेले नाहीत, आणि ते भारताला जबाबदार धरतात. चहा पिताना हे तुमच्यापुढे बोललं जाईल. वाद घालू नये, ऐकून घ्यावं. हिंदीवर सगळं निभावत राहिलात तर मोठ्या भावाचा तोरा आहे असं वाटतं, आणि कामात साथ मिळेनाशी होते. सोपेपणामुळे बहुतेक भारतीय नेपाळी शिकायचं टाळतात, हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं. सगळ्यांना ‘तपाईं’, म्हणजे आदराने ‘तुम्ही’, म्हणा आणि पहिल्या दिवसापासून तोडकं का होईना, नेपाळीच बोला.

किसुमूत तुम्ही ‘म्हिंदी’, म्हणजे स्वाहिलीत भारतीय. 1901 मध्ये रेल्वे किसुमूला पोचली; ती बांधायला भारतातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते. पुढे दुकानदार आले. आशियाई वंशाच्या लोकांना 2017 मध्ये केनिया सरकारने देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. तरीही सामान्य माणसाला भारतीय भेटतो तो मालक किंवा गल्ल्यावरचा म्हणून. त्यामुळे तुम्ही पैसेवाले आहात असं गृहीत धरलं जातं, आणि मदतीची मागणी येते: शाळेची फी, दवाखाना, अंत्यविधी. एम-पेसा या मोबाइल सेवेमुळे पैसे फोनवरूनच जातात, त्यामुळे ‘जवळ नाहीत’ म्हणायची सोय नाही. कोणाला, किती, हे जाण्याआधीच ठरवा आणि त्याला चिकटून राहा. मात्र तुम्ही मटाटूतून, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबसमधून येता, सगळ्यांबरोबर उगाली खाता हे दिसलं की वागणूक बदलते. तिथे इंग्रजी चालतं, पण आधी विचारपूस, मग काम, हा क्रम मोडू नये.

दोन्ही देशांत अनाथालयात काही आठवडे ‘मुलं सांभाळण्याचं’ काम पैसे घेऊन देणाऱ्या संस्था आहेत. तिकडे जाऊच नका. तिथल्या कित्येक मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पाहुणे येत राहावेत म्हणून मुलं आणली जातात.

कोणी कुठे

चार-सहा महिनेच हातात असतील तर नेपाळ; रुळण्यात वेळ जात नाही. वर्ष किंवा जास्त असेल आणि तब्येत ठणठणीत असेल तर मी किसुमू सुचवीन, विशेषतः नर्सना. एकटेपणा ज्यांना खातो त्यांनी नेपाळमधलं घर घ्यावं; ज्यांना स्वतःचं दार लावून बसायला लागतं त्यांनी केनिया. शिक्षकांनी शाळेचं वर्ष पाहून निघावं: नेपाळमध्ये ते एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात सुरू होतं, केनियात जानेवारीत. आणि नेपाळला दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या तोंडावर पोचलात तर कामाची घाई करू नका. कार्यालयं, शाळा बंद असतात, घरात मात्र सगळे नातेवाईक जमलेले असतात.