रेशमाच्या भावात सूत

तुर्कस्तानला निघाला असाल तर बॅग भरण्याआधी हे वाचा.

कापादोकियात आमची बस 'विणकाम केंद्र' दाखवायला म्हणून गालिच्यांच्या एका भल्यामोठ्या दुकानापाशी थांबली. गंमत म्हणजे तिथे सांगितलेला इतिहास खरा होता. कोन्या शहरातल्या अलाउद्दीन मशिदीतले तेराव्या शतकातले, सेल्जुक राजवटीतले गालिचे, उशाक गावच्या गालिच्यांवरची पदकासारखी नक्षी, सुलतान अब्दुलमजीदच्या काळात, १८४३ मध्ये हेरेके गावी निघालेला, राजवाड्यांसाठी विणणारा कारखाना, सगळं खरं. गरम पाण्यातल्या कोशांतून रेशीम काढून दाखवलं. मागावरच्या बाईंनी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोन धाग्यांवर गोर्देस नावाची तुर्की गाठ मारून दाखवली. बारीक हेरेके रेशमात अशा गाठी चौरस सेंटीमीटरला शंभर, म्हणजे चौरस मीटरला दहा लाख! मग किंमत ऐकून कोण दचकणार?

सफरचंदाचा चहा आला, दार लोटलं गेलं, आणि गालिचे उलगडू लागले. पोऱ्या एकेक गालिचा हवेत गरकन फिरवायचा. बाजू बदलली की रंग बदलायचा. "हे फक्त रेशमातच होतं," इति विक्रेता. साफ खोटं. चकाकी आणलेल्या सुताच्या लवीतही (गालिच्याच्या वरच्या मऊ तंतूंतही) तेच होतं. कायसेरीकडे असे गालिचे विणतात, त्यांना 'फ्लोश' म्हणतात. फ्लोश म्हणून, फ्लोशच्या भावात विकले तर त्यात काहीच वाईट नाही. मला तो कोपऱ्यात 'हेरेके' विणलेला, रेशमाच्या भावात विकला. नाव काय, कुठेही विणता येतं, चीनमध्येही विणतात.

पुण्यात आल्यावर लवीचे दोन तंतू उपटून जाळले. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, याला जळक्या कागदाचा आला. कार्डाच्या बँकेने तक्रार फेटाळली, कारण बिलावर फक्त 'हातविणीचा गालिचा' आणि माप होतं. तो तर मिळालाच होता!

म्हणून पैसे देण्याआधी लव कशाची, ताणा कशाचा, कुठे विणला, हे बिलावर लिहून घ्या. कुरियरने पाठवणार असतील तर गालिच्याच्या मागे सही करून फोटो काढा, म्हणजे बदलला तर कळेल.

माझं कार्ड घासून झाल्यावर आमच्यातल्या एका काकूंनी त्यांच्या बिलावर 'शुद्ध रेशीम' लिहून मागितलं. विक्रेता "मॅनेजरला विचारतो" म्हणून आत गेला, तो बस सुटेपर्यंत बाहेर आला नाही.